प्रत्येक भूशास्त्रीय कल्प महाविनाशानेच कसा संपतो?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पृथ्वीच्या इतिहासाचे कालखंड, म्हणजे कल्प, इतके कमीजास्त लांबीचे का? प्रत्येक कालखंड महाविनाशानेच कसा संपतो? आणि पर्मियन कल्पाचा शेवट जुन्या पुस्तकात २४.५ कोटी वर्षांपूर्वी, तर नव्या तक्त्यात २५.१९ कोटी वर्षांपूर्वी असा का दिला आहे? मी भूशास्त्र शिकवतो आणि यातला मधला प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच. त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. काळाच्या या रेघा माणसाने मारल्या आहेत, आणि त्या मारताना त्याने आधीच पाहिलं होतं की कुठल्या थरापाशी जुने जीव दिसेनासे होतात.

कँब्रियनपासून क्रिटेशसपर्यंतची सगळी नावं १८७९ सालापर्यंत ठरून गेली होती. खडकांचं वय ज्याच्या आधाराने मोजतात त्या किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ साली. म्हणजे नावं आणि क्रम पक्का झाला तेव्हा यातल्या एकाही कल्पाचं वय मोजायची सोय नव्हती. हाताशी होते फक्त थर आणि त्यातले जीवाश्म. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि विशिष्ट जीवाश्म विशिष्ट थरांतच सापडतात, एवढ्या भांडवलावर हे काम झालं. इतिहासाचे भाग शतकांनी न पाडता राजवटींनी पाडावेत, तसा हा प्रकार. राजवट दहा वर्षं टिकली की दोनशे, हे नंतर कळतं. म्हणूनच सिल्युरियन जेमतेम २.४ कोटी वर्षांचा आणि क्रिटेशस जवळपास ८ कोटी वर्षांचा.

रेघा मारण्यावरून भांडणंही झाली. ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन या दोन मित्रांनी वेल्समध्ये काम करून १८३५ साली कँब्रियन आणि सिल्युरियन ही नावं दिली. पुढे लक्षात आलं की सेजविकच्या कँब्रियनचा वरचा भाग आणि मर्चिसनच्या सिल्युरियनचा खालचा भाग एकच आहे. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही आणि मैत्री तुटली ती तुटलीच. दोघंही गेल्यावर, १८७९ साली, चार्ल्स लॅपवर्थने तो वादग्रस्त पट्टा उचलून त्याला ऑर्डोव्हिसियन हे वेगळं नाव दिलं. विद्यार्थी जो क्रम निमूटपणे पाठ करतात, त्यातलं एक नाव चक्क तडजोडीचं आहे.

महाकल्पांची, म्हणजे अनेक कल्प मिळून होणाऱ्या मोठ्या भागांची, कल्पना जॉन फिलिप्सची. जीवाश्मांवरून थर ओळखायची पद्धत रुजवणाऱ्या विल्यम स्मिथचा हा भाचा. त्याने १८४१ साली पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव असे तीन भाग सुचवले आणि १८६० साली जीवांच्या विविधतेचा एक आलेख काढला. त्यात दोन मोठे खड्डे होते, एक पुराजीवाच्या शेवटी आणि दुसरा मध्यजीवाच्या शेवटी. आपण आज ज्यांना पर्मियन आणि क्रिटेशस अखेरचे महाविनाश म्हणतो, तेच हे खड्डे.

आता त्याआधीच्या काळाचं बघा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. कँब्रियन सुरू झाला ५३.८८ कोटी वर्षांपूर्वी. मधली ४०० कोटी वर्षं हेडियन, आर्कियन आणि प्रोटेरोझोइक अशा तीन इऑनमध्ये, म्हणजे महाकल्पाहूनही मोठ्या भागांमध्ये, उरकलेली असतात. कवच नाही, हाडं नाहीत, मग रेघ मारायची कशाच्या आधाराने? आर्कियन आणि प्रोटेरोझोइक यांच्यातली सीमा तर सरळ २५० कोटी वर्षं असा पूर्ण आकडा धरून ठरवली आहे. त्या काळात महाविनाश झालेच नसतील असं कुणी म्हणत नाही. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला, तेव्हा ज्यांना तो विषारी होता अशा सूक्ष्मजीवांचा मोठा संहार झालाही असेल. पण मागे काही उरलं नाही, त्यामुळे मोजदाद करता येत नाही.

पर्मियनच्या आकड्याचं उत्तर चीनमधल्या मैशान इथल्या चुनखडकाच्या खाणीत आहे. पर्मियन संपून ट्रायासिक सुरू झाल्याचा अधिकृत बिंदू, म्हणजे सीमा म्हणून जगाने मानलेली थरांतली नेमकी जागा, २००१ साली तिथे ठरला. खाणीतल्या थरांना क्रमांक दिलेले आहेत. २५ क्रमांकाचा थर म्हणजे काही सेंटीमीटर जाडीची फिकट माती. ही मुळात ज्वालामुखीची राख. प्राण्यांचा मोठा संहार या थराच्या आसपास दिसतो. पण अधिकृत सीमा तिथे नाही! ती थोडी वर, २७ क्रमांकाच्या थराच्या पोटात आहे. अंतर वीतभरही नसेल. तिथे हिंडिओडस पार्व्हस नावाच्या कोनोडाँटचे अवशेष पहिल्यांदा सापडतात. कोनोडाँट म्हणजे ईलसारखे लांबट सागरी प्राणी. त्यांचे दातांसारखे भाग मिलिमीटरभराचे किंवा त्याहूनही लहान असतात. चुनखडक सौम्य आम्लात विरघळवायचा आणि उरलेल्या गाळातून सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक वेचायचे. डोळे फुटायची वेळ येते.

संहाराच्या थरावरच सीमा का धरली नाही? वेगवेगळ्या जाती थोड्या वरखाली संपतात, त्यामुळे एक नेमकी रेघ मिळत नाही. जगभर पसरलेला आणि सहज ओळखू येणारा एखादा जीव पहिल्यांदा कुठे दिसतो, हे दुसऱ्या देशातल्या खडकाशी जुळवून बघायला सोपं पडतं. वय मात्र राखेतूनच काढतात. राखेत झिर्कॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात, त्यांत युरेनियम असतं, आणि युरेनियमचं शिसं होण्याचा वेग ठाऊक आहे. २४.५ कोटी हा आकडा १९८० च्या दशकातल्या तक्त्यांतला आहे. तेव्हा सीमेला लागून असलेल्या राखेची इतकी बारीक मोजणी झालेली नव्हती. परीक्षेला जायचं असेल तर नवा आकडा लिहा. २०१४ च्या मोजणीनुसार मैशानमधला मुख्य संहार सुमारे ६० हजार वर्षांत आटोपला होता. त्या मोजणीची चूकमर्यादा ४८ हजार वर्षांची आहे, हेही सांगायला हवं.

त्या संहारात समुद्री जातींपैकी ८० ते ९५ टक्के गेल्या असा अंदाज आहे. मुख्य संशयित सैबेरियातला प्रचंड लाव्हा. तो नुसता जमिनीवर पसरला नाही, तर खालच्या कोळशाच्या आणि क्षारांच्या थरांत घुसला आणि ते भाजून निघाले. कार्बन डायऑक्साइड वाढला, हवामान तापलं, समुद्रातला ऑक्सिजन घटला. त्यानंतर साधारण १ कोटी वर्षांच्या खडकांत जगात कुठेही दगडी कोळशाचे थर सापडत नाहीत, कारण कोळसा बनवणारी दलदलीतली जंगलंच उरली नव्हती. मला स्वतःला मेलेल्या जातींच्या टक्केवारीपेक्षा ही कोळशाची गैरहजेरी जास्त बोलकी वाटते.

क्रिटेशसच्या शेवटी, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मात्र सीमा थेट घटनेवरच बसवली आहे. ट्युनिशियातल्या एल केफ इथे मातीच्या एका पातळ थराच्या तळाशी अधिकृत बिंदू आहे. असाच जेमतेम सेंटीमीटरभराचा थर इटलीत गुब्बिओजवळ आहे. तिथे शास्त्रज्ञ अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इरिडियम हा जमिनीत दुर्मिळ पण अशनींत जास्त असणारा धातू नेहमीच्या सुमारे ३० पट सापडला, आणि १९८० साली त्यांनी अशनीच्या आघाताची कल्पना मांडली. मेक्सिकोतलं चिक्शुलुबचं विवर त्याच आघाताचं, हे १९९१ पासून पुढे येत गेलं. दख्खनच्या लाव्हाचे उद्रेक सीमेच्या आधीपासून चालू होते आणि नंतरही चालू राहिले. त्यांचा वाटा किती, यावर अजून हमरीतुमरी चालते.

‘प्रत्येक’ हा तुमचा शब्द मात्र बरोबर नाही. ‘पाच मोठे’ ही महाविनाशांची यादी डेव्हिड राउप आणि जॅक सेपकोस्की या जीवाश्म अभ्यासकांच्या १९८२ च्या कामातून रूढ झाली. त्यात ऑर्डोव्हिसियनच्या शेवटचा हिमयुगाशी जोडलेला संहार आणि ट्रायासिकच्या शेवटचा, पुन्हा लाव्हाशी जोडलेला संहार येतात. पाचव्याने सगळा हिशेब बिघडवला आहे: डेव्होनियनमधला मोठा झटका सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कल्प संपायच्या १ कोटीहून जास्त वर्षं आधीचा. त्या काळात जाती मरण्याइतकंच नव्या जाती न उपजणंही महत्त्वाचं होतं, असं काही अभ्यासक म्हणतात. उलट जुरासिक आणि क्रिटेशस यांच्यामध्ये महाविनाश नाहीच. तिथली सीमा नेमकी कुठे धरायची यावरचा वाद कित्येक दशकं रेंगाळला, तो उगाच नाही.

जसजसं आजच्या जवळ यावं तसतसे महाविनाश मागे पडतात आणि हवामानच रेघा मारतं. ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या होलोसीनचा बिंदू खडकात नसून ग्रीनलंडच्या बर्फात, भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दांड्यात, १,४९२ मीटर खोलीवर आहे. माणसाच्या नावाचं ‘अँथ्रोपोसीन’ हे नवं युग मानायचा प्रस्ताव मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं, अणुचाचण्यांतून पसरलेलं प्लुटोनियम ही त्याची खूण ठरणार होती; पण माणसाने पृथ्वी बदलायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली, हा एक मोठा आक्षेप होता. सध्या सहावा महाविनाश चालू आहे असं म्हणणंही घाईचं आहे: जाती नाहीशा होण्याचा वेग काळजी करावी इतका आहे, पण महाविनाश म्हणायला साधारण ७५ टक्के जाती जाव्या लागतात, आणि आजवरची नोंदलेली हानी त्याच्या जवळपासही नाही.

तेव्हा अधिकृतपणे आपण होलोसीनमध्येच आहोत, आणि त्यातही ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या मेघालयन या भागात. त्याचा बिंदू मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या एका चुनखडीच्या स्तंभात आहे. ही सीमा ठरवायला जीवाश्म लागला नाही की संहार. स्तंभातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या, प्रमाणावरून पावसाळा कधी क्षीण झाला ते कळलं आणि तेवढं पुरलं.