पॅकेज बांधण्याआधी आत काय राहिलंय ते बघ

लातूरहून पहिलं पॅकेज सोडलंस, भारी वाटलं. कोड नेटका आहे. फक्त टारबॉल (सगळ्या फाइलींचं बांधलेलं एकच गाठोडं) उघडला तर आत अख्खं डॉट-गिट फोल्डर निघालं बघ, म्हणजे गिट कोडच्या जुन्या आवृत्त्या जिथं ठेवतं ते.

घाबरू नको, माझ्याकडूनही झालंय. नांदेडला असताना एका गिऱ्हाइकाला मी फोल्डरवर राइट क्लिक करून झिप पाठवली. कोड २ एमबी, झिप ६० च्या वर! आणि कधीच खोडलेला डेटाबेसचा पासवर्ड जुन्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) जसाच्या तसा. डॉट-गिटमध्ये सगळा इतिहास असतो. फाइल आज उडवली तरी कालची प्रत तिथंच बसलेली. रात्रीतून पासवर्ड बदलत बसलो.

सध्या एवढंच कर:

- हातानं झिप करू नको, ‘गिट आर्काइव्ह’ वापर. ते कमिट झालेलंच उचलतं, डॉट-गिट घेतच नाही. म्हणून आधी कमिट कर, नाहीतर नवी फाइल मागं राहते.
- ‘टार’ कमांडच वापरायची असेल तर तिला ‘एक्स्क्लूड-व्हीसीएस’ हा पर्याय लाव, तो डॉट-गिट वगळतो.
- पाठवण्याआधी आतल्या फाइलींची यादी काढून वाच. तूर मोंढ्यावर न्यायच्या आधी मूठभर हातात घेऊन बघतोच की आपण.

गिटइग्नोरमध्ये (गिटनं कुठल्या फाइली धरू नयेत त्याची यादी) नाव लिहिलं म्हणजे झिपमधूनही वगळलं, असं नव्या पोरांना हमखास वाटतं. तसं नसतं. ती गिटइग्नोर फाइल स्वतः पॅकेजमध्ये राहिली तर मात्र काही बिघडत नाही.

आर्काइव्हमधून काय वगळायचं ते गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत लिहिता येतं, त्याचं नंतर बघू. आधी हा टारबॉल काढून टाक, इतिहासात पासवर्ड असेल तर तो बदल, आणि ०.१.१ ही नवी आवृत्ती सोड.