स्वित्झर्लंडमधील रागात्सच्या झऱ्याचे मालक बर्नहार्ड सिमोन कोण होते?

आपण विचारले आहे की, रागात्स हे प्रसिद्ध स्नानक्षेत्र उभारणारे बर्नहार्ड सिमोन कोण होते आणि डोंगरातला झरा एका खाजगी माणसाच्या हाती गेलाच कसा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सिमोन यांना मिळालेली संधी त्यांच्या कितीतरी आधीच्या घडामोडींतून तयार झाली होती.

हा झरा मुळात रागात्समध्ये नाहीच. तो टामिना नदीच्या घळईत आहे, जिथे दोन्ही बाजूंचे कडे वर जवळजवळ एकमेकांना टेकतात आणि भरदुपारीही खाली अंधूक उजेड असतो. मी तेथे गेलो तेव्हा झऱ्याच्या बोगद्यात शिरताक्षणी चष्म्यावर वाफ धरली. पाणी मात्र साधारण 36.5 अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाइतकेच ऊबदार. पूर्वी रुग्णांना दोराने या घळईत उतरवत असत. 1535 मध्ये पॅरासेल्सस या वैद्याने या पाण्याच्या गुणांविषयी लिहिले. झरा होता फेफर्स गावातील बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाचा. 1838 मध्ये मठ विसर्जित झाला, मालमत्ता सांक्ट गालेन कॅन्टनकडे (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडमधील घटक राज्य) आली आणि 1840 मध्ये सुमारे 4 किलोमीटर लांबीच्या लाकडी नळांतून पाणी खाली रागात्सला आणले गेले. माझ्या मते खरा बदल येथे घडला, कारण रुग्णाने पाण्यापर्यंत उतरायचे, ही शतकांची रीत उलटली. 1858 मध्ये रेल्वेही आली.

सिमोन यांचा जन्म 1816 मध्ये ग्लारुस कॅन्टनमधील निडरउर्नेन येथे झाला. वास्तुविशारद म्हणून त्यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये नाव आणि पैसा मिळवला. मायदेशी परतल्यावर रेल्वेच्या कामात लक्ष घातले. मे 1861 मध्ये वादळी फॉन वाऱ्याने (आल्प्सवरून खाली येणारा कोरडा, उष्ण वारा) भडकलेल्या आगीत ग्लारुस शहरातील सुमारे 600 इमारती जळाल्या, तेव्हा पुनर्बांधणीचा आराखडा त्यांनी वास्तुविशारद योहान कास्पार वोल्फ यांच्यासह तयार केला. सरळ, रुंद रस्त्यांचे आजचे ग्लारुस त्याच आराखड्यातून उभे राहिले.

1868 मध्ये त्यांनी कॅन्टनकडून रागात्सची मिळकत विकत घेतली. झरा मात्र त्यांना विकला गेला नाही. मिळाला तो पाणी वापरण्याचा 100 वर्षांचा हक्क. त्यामुळे आपल्या प्रश्नातील ‘मालक’ हा शब्द जमिनीपुरता बरोबर आहे, पाण्यापुरता नाही. पुढच्याच वर्षी क्वेलेनहोफ हे भव्य हॉटेल उभे राहिले आणि 1872 मध्ये झऱ्याच्या पाण्याचा छताखालचा पोहण्याचा तलाव सुरू झाला. तोवर असे पाणी म्हणजे रुग्णांनी बसून घ्यायचे औषध होते. त्यात कोणी हौसेने पोहावे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. 1900 मध्ये सिमोन वारले, तेव्हा करारातील 68 वर्षे अजून शिल्लक होती.