प्रश्न तुमचे : जास्तीचा हिप्पोकॅम्पस आला कुठून?

गर्भातल्या मेंदूविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. पहिली दोन प्रयोगशाळेतली आहेत, पुढची दोन घरातली.

प्रश्न : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या गटाने उंदराच्या गर्भातून एक जनुक काढले आणि मेंदूत जादा हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) तयार झाले, असे वाचले. जनुक काढल्यावर काहीतरी कमी व्हायला हवे. वाढले कसे? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : जनुक गेलेल्या पेशींतून काही वाढले नाही. वाढले ते त्यांच्या शेजाऱ्यांतून. मेख तिथेच आहे.

जनुकाचे नाव एलएचएक्स२. त्याचे प्रथिन डीएनएला चिकटते आणि इतर जनुके चालू-बंद करते. गर्भाच्या प्रत्येक पेशीतून हे जनुक काढले, तर हिप्पोकॅम्पस दिसतच नाही. एवढेच पाहणारा म्हणेल, हिप्पोकॅम्पस घडवायला हे जनुक लागते, विषय संपला. फसगत होते ती इथे.

कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, सुरुवातीला मूळपेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. मेंदूचे दोन अर्धगोल जिथे समोरासमोर येतात, तिथे या पापुद्र्याला एक अरुंद पट्टी असते. साडीला काठ असतो तशी, आणि शास्त्रज्ञही तिला काठच म्हणतात : कॉर्टिकल हेम. या काठाचा स्वतःचा हिप्पोकॅम्पस होत नाही. तो डब्ल्यूएनटी आणि बीएमपी जातीची प्रथिने सोडतो आणि ती ज्यांच्यापर्यंत पोचतात त्या शेजारच्या पेशींचा हिप्पोकॅम्पस होतो. शेजाऱ्यांना कामाला लावणाऱ्या अशा भागाला संघटक म्हणतात. १९२४ साली श्पेमान आणि मँगोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या गर्भात असा संघटक दाखवला होता.

एलएचएक्स२चे काम ‘तू कॉर्टेक्स आहेस, काठ नाहीस’ हे पेशीला बजावण्याचे. ते सगळीकडूनच गेले की काठ फुगतो आणि कापड संपते. हाक देणारे भरपूर, ऐकणारा कोणी नाही. म्हणून हिप्पोकॅम्पस नाही.

हे उलगडायला सरमिसळ गर्भ लागले, म्हणजे काही पेशींत जनुक आहे, काहींत नाही. त्यात जनुक नसलेल्या पेशी एकमेकींना धरून वेगळे पुंजके करून बसल्या. मधल्या बाजूच्या पुंजक्यांचा काठ झाला, आणि त्यांना खेटून असलेल्या निरोगी पेशींनी हिप्पोकॅम्पस घडवला. जितके असे काठ, तितक्या ठिकाणी. २००८ साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आले. यात दोन अटी आहेत आणि बातम्यांत नेमक्या त्याच गळतात. पहिली जागेची : बाहेरच्या बाजूच्या पुंजक्यांचा हेम होत नाही, समोरच्या कडेचा अँटिहेम होतो. दुसरी वेळेची : उंदरात साधारण साडेदहाव्या दिवसापर्यंतच, म्हणजे चेतापेशी जन्मू लागण्याच्या आधी, हे जनुक असा निवाडा करते. त्यानंतर काढले तर काठ बनत नाही.

प्रश्न : उंदराच्या गर्भाशयातच इलेक्ट्रोपोरेशन करून, म्हणजे विजेचे ठोके देऊन, हिप्पोकॅम्पसच्या मूळपेशींत जनुक घालते आहे. निम्मे गर्भ मरतात, आणि जगलेल्यांत जीएफपी (खुणेसाठीचे हिरवे चमकणारे प्रथिन) कॉर्टेक्सच्या बाहेरच्या भिंतीत दिसते. काय चुकते? (पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दुसरी तक्रार सोपी आहे : इलेक्ट्रोड उलटे लागत आहेत. डीएनए ऋणभारित असतो, म्हणून तो धन टोकाकडे ओढला जातो. मेंदूच्या डाव्या पोकळीत डीएनए भरून धन पॅडल (चपटे इलेक्ट्रोड) डावीकडेच ठेवले, तर तो बाहेरच्या भिंतीत जाणार. हिप्पोकॅम्पस आतल्या भिंतीत घडतो. तेव्हा डावीकडे भरा आणि धन पॅडल डोक्याच्या उजव्या बाजूला लावा.

गर्भ मरण्याची कारणे बहुधा वेळ, तापमान आणि व्होल्टेज यांत सापडतात. वीण-गुठळी (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारी गुठळी) दिसलेली सकाळ दिवस ०.५ धरून साडेचौदाव्या दिवसाला ५ मिलिमीटरची पॅडल, ३५ ते ४० व्होल्ट, ५० मिलिसेकंदांचे ५ ठोके, एकेका सेकंदाच्या अंतराने, एवढे पुरते. साडेबाराव्या दिवसाला हेच आकडे वापरले तर गर्भ हातचे जातात. तिथे ३ मिलिमीटरची पॅडल आणि ३० व्होल्टच्या आसपास. पॅडल डोक्याच्या खाली सरकून छातीवर आले की ठोका हृदयाला बसतो, आणि वारेवर टेकले तरी तोच परिणाम. ठोका देण्याआधी गर्भ कोमट सलाइनने भिजवा. कोरड्या पडद्यावर वीज नीट जात नाही आणि डाग पडतो.

डीएनए १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, एंडोटॉक्सिनमुक्त (जिवाणूंचे विष न उरणाऱ्या) किटने काढलेला, रंगासाठी थोडा फास्ट ग्रीन. एका गर्भाला सुमारे १ मायक्रोलिटर. पोकळी भरली की पडद्यातून हिरवी कोयरी स्पष्ट दिसते. रंग कोयरीत न थांबता धूसर पसरला तर सुई पोकळीत नाही, मेंदूत किंवा बाहेर आहे. त्या गर्भाला ठोके देऊ नका. काचेच्या सुईचे टोक तिरके घासलेले हवे. बोथट टोक पडद्याला आत ढकलते, मग भोक मोठे पडते आणि पाणी गळते.

भूल दिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका. गर्भाशय बाहेर असेपर्यंत ३७ अंशांच्या सलाइनने ओले ठेवा, आणि आत ठेवताना पीळ पडू देऊ नका. ग्रीवेजवळचा (गर्भाशयाच्या तोंडाजवळचा) गर्भ सोडून दिलेलाच बरा. सगळेच गर्भ भरण्याचा हट्ट पुऱ्या वेताला भोवतो.

एक सापळा तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. साधा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे कडे) पेशीच्या विभाजनाबरोबर पातळ होत जातो. ज्या पेशी लवकर चेतापेशी होऊन थांबल्या, त्या हिरव्यागार राहतात. पुढे अनेकदा विभागून अॅस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) झालेल्या फिक्या पडतात. ‘हिरव्यांत अॅस्ट्रोसाइट नाहीत’ हे मग निष्कर्ष नसून पद्धतीची खोट असू शकते. २०११ साली टोळे यांच्याच गटाने दाखवले, की हिप्पोकॅम्पसच्या मूळपेशींतून एलएचएक्स२ काढले तर त्या वेळेआधीच अॅस्ट्रोसाइट देऊ लागतात, आणि जादा घातले तर चेतापेशींचे उत्पादन लांबते. असा प्रश्न हाताळायचा असेल तर पिगीबॅकसारखा, गुणसूत्रात जाऊन बसणारा प्लास्मिड घ्या. आणि तुलनेसाठी त्याच मेंदूची दुसरी बाजू पुरत नाही. त्याच वेतातले, फक्त जीएफपी दिलेले गर्भ हवेत.

प्रश्न : मी नऊ आठवड्यांची गरोदर आहे. फॉलिक अॅसिड आताच सुरू केले. बाळाच्या मेंदूसाठी उशीर झाला का? (वाचक, सांगली)

उत्तर : ज्या एका गोष्टीसाठी हे आधीपासून देतात, ती वेळ सरली आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने हा सहावा आठवडा. वरचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते, खालचे त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. वरचे उघडे राहिले तर कवटी आणि मेंदू घडत नाहीत, खालचे राहिले तर स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष. बहुतेक बाळांत मात्र नळी नीट मिटते, तेव्हा धास्ती घेऊ नका. गोळी डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवा, रक्तासाठी ती हवीच, आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. मधुमेह असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, पण ते औषध मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी गोळी दिवस राहण्याच्या आधी किमान महिनाभर सुरू हवी. एरवी रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्रा दसपट. १९९१ सालच्या ब्रिटिश चाचणीत अशा मातांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

प्रश्न : सुनेला तिसरा महिना आहे. पोटाला हेडफोन लावून मंत्र ऐकवले तर बाळाच्या चेतापेशी वाढतात, असे वर्गात सांगितले. खरे आहे का? (एक सासूबाई, डोंबिवली)

उत्तर : नाही. तिसऱ्या महिन्यात बाळाला ऐकू येत नाही. आवाजाला प्रतिसाद दिसू लागतो तो साधारण २५ आठवड्यांच्या सुमारास, आणि तोवर कॉर्टेक्सच्या बहुतेक चेतापेशी जन्मून झालेल्या असतात. त्या किती जन्मतील हे ठरते ते मूळपेशींच्या विभाजनावरून. सूनबाईंना मंत्र आवडत असतील तर त्यांनी खुशाल म्हणावेत. पोटावर हेडफोन लावण्याची गरज नाही, कारण आईचा आवाज तिच्या अंगातूनच आत पोचतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांचे बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा तो आवाज पसंत करते, हे १९८० साली प्रयोगाने दाखवलेले आहे.