वहीतली कोरी पानं

“मॅडम, मॅरेथॉन जमेना म्हणून अल्ट्राला जायचं, म्हणजे पळपुटेपणाच की हो?”

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. (अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनच्या 42 किलोमीटरांहून लांब पल्ल्याची शर्यत.) वय 34. सातारा जिल्ह्यातलं गाव, खेळाडू कोट्यातून मिळालेली सरकारी नोकरी, मॅरेथॉनचं बेस्ट टायमिंग 2 तास 52 मिनिटं. दोन वर्षांत ते 3 तास 6 मिनिटांवर घसरलं होतं. (तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिशी ओलांडलेले बरेच धावपटू हाच प्रश्न घेऊन येतात. कुणी म्हणतो, अल्ट्रा म्हणजे म्हाताऱ्यांची मॅरेथॉन. कुणाला वाटतं, जिथं स्पर्धा कमी तिथं जाऊन मेडल घेतलं तर लोक हसतील. या सगळ्यामागची भीती एकच असते: टायमिंग गेलं, आता मला कोण ओळखणार?

मी तिच्याच मुलखातलं उदाहरण दिलं. ललिता बाबर, माणदेशी एक्सप्रेस. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या ललिताताई पुढे 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळल्या आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये दहाव्या आल्या. “तेव्हा त्यांना कुणी पळपुटं म्हणालं का?”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “त्यांची चढण होती मॅडम. माझी उतरण आहे.”

मला उत्तर सुचलं नाही, आणि मी ते शोधलंही नाही. ती खरंच बोलत होती. उतरणीवर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चढणीची गोष्ट सांगून उपयोग नसतो, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पुढच्या वेळी मी तिला तिची सरावाची वही आणायला सांगितलं. पंधरा वर्षांच्या वह्या घेऊन आली! टेम्पो, इंटर्व्हल, लाँग रन, प्रत्येक दिवसाचं टायमिंग सेकंदासकट, सरांच्या लाल शाईतल्या खुणा. पण मधली काही पानं कोरी होती. मी विचारलं, ही कसली?

“आरामाचे दिवस. त्या दिवशी काय लिहायचं?”

त्या पानांवर मी बराच वेळ घालवला. काय खाल्लं, झोप लागली का, पाळी कधी आली, यातलं काहीच कुठं नव्हतं. पाळीचं विचारल्यावर ती सहज म्हणाली, “सात महिने नाही. पण पळणाऱ्या मुलींचं तसं होतंच ना?” दोन वर्षांत नडगीला दोनदा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडणारी चीर, झालेलं. एका जुन्या प्रशिक्षकांनी तिला शिकवलं होतं, किलो कमी तर मिनिट कमी. भाकरी अर्धी झाली ती तेव्हापासून.

हे वाचणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला मला कळकळीनं सांगायचंय: तसं ‘होतंच’ असं नाही. सरावाच्या मानानं खाणं सतत कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, हाडं विरळ व्हायला लागतात, झीज भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पुरुष धावपटूंनाही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी सहज दिसणारी खूण नसते. हे काम समुपदेशकाचं नाही. मी तिला क्रीडावैद्यक डॉक्टरांकडे पाठवलं. हाडांची तपासणी झाली, आहारतज्ज्ञ जोडल्या गेल्या, आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत कोणतीही शर्यत नाही असं ठरलं. मला अल्ट्राची खरी धास्ती इथं होती. तिथं पेस, म्हणजे धावण्याचा वेग, मुळातच कमी, त्यामुळे उपाशी शरीर बराच काळ लपून राहू शकतं.

त्या चार महिन्यांत तिनं मला खूप शिकवलं. जानेवारीत टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन लागली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. नवऱ्यानं समजूत घातली, “अगं, पुढच्या वर्षी पळशील.” तिला ते ऐकवेना. मला म्हणाली, “पळेन, पण तशी नाही पळणार. ते गेलं.” मी त्यावर फुंकर घातली नाही. गेलेलं गेलं असं म्हणू देणं, हे आमच्या पाच-सहा भेटींचं मुख्य काम होतं. घरात माणूस गेल्यावर आपण दहा दिवस सुतक पाळतो. करिअर गेल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी नवं ध्येय ठरवायला लावतो, आणि हे मला फार क्रूर वाटतं.

मग एके दिवशी तिनंच डेझ लिंडेनचा विषय काढला. ही अमेरिकन धावपटू 2018 साली वादळी पावसात बॉस्टन मॅरेथॉन जिंकली, आणि एप्रिल 2021 मध्ये 50 किलोमीटर 2 तास 59 मिनिटं 54 सेकंदांत धावली. तीन तासांच्या आत ते अंतर कापणारी ती पहिली महिला. “पण तिच्याकडे बॉस्टन आहे मॅडम. ती कुठंही गेली तरी तिला शोभतं.”

बरोबर होतं. पण लिंडेनची बाकीची वहीही आम्ही उघडली. लंडन ऑलिंपिकमध्ये मांडीच्या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे काही किलोमीटरांतच थांबावं लागलं. 2020 च्या अमेरिकन निवड चाचणीत चौथी, आणि तिघींनाच जागा. ऑलिंपिक हुकलं ते 11 सेकंदांनी. बॉस्टन जिंकली तेव्हाचं टायमिंग 2:39:54. एप्रिल 2025 मध्ये, व्यावसायिक कारकिर्दीतली शेवटची मॅरेथॉन म्हणून, तीच बॉस्टन ती 2:26:19 मध्ये धावली आणि सतरावी आली.

तिनं आकडे वहीत उतरवून घेतले, वजाबाकी केली. “तेरा मिनिटं जलद, आणि सतरावी?” मग पेस काढला. 50 किलोमीटरला लिंडेनचा पेस किलोमीटरमागे साधारण 3:36. बॉस्टन जिंकताना 3:47. वाट वेगळी, हवा वेगळी, तुलना सरळ नाही हे तिलाही माहीत होतं. तरी ‘अल्ट्रा म्हणजे हळू’ हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

तेव्हा मी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. अंतर बदलणं पळपुटेपणा नाही. पण मॅरेथॉनचा हिशेब तसाच गळ्यात घेऊन अल्ट्राला गेलात, तर तिथंही तेच घड्याळ तुम्हाला छळेल. म्हणून एवढंच बघा: बक्षीस नाही, कोटा नाही, गावात फ्लेक्स नाही, तरी पहाटे चारला उठावंसं वाटतंय का?

“लगेच सांगता यायचं नाही,” ती म्हणाली. मला हे उत्तर आवडलं.

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर ती सह्याद्रीतली 50 किलोमीटरची ट्रेल, म्हणजे डोंगरवाटांवरची, शर्यत धावली. आल्यावर शर्यतीबद्दल बोलली ती दोनच गोष्टींवर. पहिली, चढावर चालणं. मॅरेथॉनमध्ये जी चालायला लागली ती संपली, असं तिच्या अंगात मुरलेलं. इथं घाटात पुढचेही चालत होते. “पहिल्या चढावर मान खाली घालून चालले. तिसऱ्यावर आजूबाजूला बघत.” दुसरी, खाणं. दर तासाला खायचं, हा अल्ट्राचा नियमच. जिनं इतकी वर्षं भाकरी अर्धी केली, ती पाणी-खाण्याच्या टेबलापाशी उभी राहून उकडलेला बटाटा मीठ लावून खात होती, आणि कुणी तिला थांबवत नव्हतं. हे सांगताना ती हसली आणि रडलीही.

कितवी आली, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही.

आता तिला दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही अल्ट्रा शर्यत खुणावते आहे. डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग यांच्यामधले जवळजवळ 90 किलोमीटर, बारा तासांची मुदत. पुण्या-मुंबईचे, साताऱ्याचे कितीतरी धावपटू तिथं जातात. ती जाईल की नाही, अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तिनं वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. तारीख, आणि खाली निळ्या शाईत: ‘आराम. पाळी वेळेवर. आईकडे गेले. पिठलं, दोन भाकरी.’