मोठं घर सोडताना

ताई, फ्लॅट मे महिन्यात बघून ठरवू नका. जुलैत जाऊन कपाटामागची भिंत हाताने चाचपा. ओल लागली तर साड्यांना बुरशी ठरलेलीच. आम्ही सहा खोल्यांतून दोन खोल्यांत आलो. भांडी वाटून टाकली, पण न्हाणीतला तांब्याचा हंडा काही सुटेना. आता त्यात छत्र्या ठेवते! आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो ती फळा-पानांची चौकट, विसरू नका. तिच्यासाठी छताला कड्या रंगकामाआधीच बसवून घ्या. जुनं घर वडिलोपार्जित असेल तर विकताना गोव्यात वारसांबरोबर सहसा त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही सह्या लागतात. दीर-जावा, नणंदा, सगळ्यांशी आधी बोला. आमचं एका नणंदेच्या यजमानांपाशी वर्षभर अडलं होतं.