टाकळा खुडताना

अनेक आशीर्वाद.

टाकळ्याची भाजी कशी करायची, असं तू विचारलंस. भाजी सोपी आहे. आधी झाड नीट ओळखायला शीक.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर पडीक जागेत, बांधावर त्याची रोपं दाट उगवतात. विदर्भात हाच तरोटा, गोव्यात तायकिळो. पानात पर्णिकांच्या, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर. वरची जोडी सर्वांत मोठी. संध्याकाळी पानं मिटतात, म्हणून सकाळी जा. काही ठिकाणी कासविंद्यालाही रानटाकळा म्हणतात, तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नकोस. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच, पर्णिका टोकदार, शेंग चपटी. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. हा फरक महत्त्वाचा, कारण कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. जराही शंका आली तर खुडू नकोस.

रोप वीतभर असेपर्यंतच शेंडे घे. फुलं येईतो पान जून होतं, वास उग्र येतो. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा नको.

चार वाट्या पानं धुऊन, निथळून बारीक चीर. आठ-दहा आठळ्या (फणसाच्या बिया) आधीच उकडून सोलून ठेव. पानांबरोबर घातल्यास पानं शिजतात आणि आठळी दडदडीत राहते. दोन चमचे तेलात चार पाकळ्या लसूण, दोन मिरच्या आणि एक मोठा कांदा परत. मग आठळ्या, पानं घालून मंद आचेवर झाकण ठेव, पाणी घालू नकोस. मीठ पानं बसल्यावरच घाल. आधी घातलंस तर ढीग पाहून अंदाज चुकतो आणि भाजी हमखास खारट होते. वरून मूठभर ओलं खोबरं. कडसर लागली तर गुळाचा खडा. कोकणात कुणी सुकटही घालतात, फार छान लागते.

पानांनी पोट सैल होतं, म्हणून पहिल्यांदा अर्धी वाटीच खा आणि रोज करू नकोस.

शेंगा वाळल्या की बिया काढता येतात. त्या भाजून, दळून कॉफीसारखं पेय करतात. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात: गजकर्णाच्या चकत्यांवर बिया ताकात वाटून लावायची जुनी रीत आहे. चट्टा पसरत चालला तर मात्र लेपावर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.

आणि रोप उपटू नकोस. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. थोड्या दिवसांनी त्याच जागी पुन्हा भाजी मिळते.