१२ व्होल्टवरच्या एलईडीसाठी पाव वॅटचा रेझिस्टर पुरेल का?

बॅटरी १२ व्होल्टची, लाल एलईडीवर २ व्होल्ट, उरलेले १० व्होल्ट ४७० ओहमवर, म्हणजे ०.२१ वॅट. पाव वॅटात बसतंय, तरी रेझिस्टरला हात लावला की चटका का बसतो, हा तुमचा प्रश्न. गुणाकार बरोबर आहे, व्होल्टेज कमी धरलंय. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगला असताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मग रेझिस्टरवर १२.४ व्होल्ट येतात, आणि वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम असल्यामुळे आकडा थेट ०.३३ वॅटवर जातो. पाव वॅट कधीच मागे पडला.

शिवाय पाव वॅटात बसला म्हणजे थंड राहील, असं नाही. साधारण मेटल फिल्म रेझिस्टरच्या डेटाशीटमधला आलेख बघा: भोवतालची हवा ७० अंशांपर्यंत असेल तर पूर्ण वॅट, तिथून उतरत १५५ अंशांना शून्य. म्हणजे पूर्ण भार दिला की तो चांगलाच तापणार, हे उत्पादकानेच गृहीत धरलेलं असतं. रेझिस्टर ते सोसेलही, पण शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं काय? त्याचं आयुष्य दर १० अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून मी जास्तीत जास्त व्होल्टेजवर वॅट काढतो आणि त्याच्या किमान दुप्पट रेटिंग घेतो. बंद डबा असेल तर आणखी जास्त.

तुमच्या सर्किटमध्ये मात्र जाडजूड रेझिस्टर शोधत बसू नका, ओहमच वाढवा. नुसता दिवा लागलाय एवढं कळायला हल्लीच्या एलईडीला ५ मिलिअँपिअर पुरतात. २.२ किलोओहम लावलात तर १४.४ व्होल्टलाही जेमतेम ०.०७ वॅट होतात, मग पाव वॅटचाच रेझिस्टर निवांत चालेल.

पुढेमागे २३० व्होल्टच्या मेन्सवर काम केलंत तर वॅटवर विसंबू नका. १ मेगओहमवर मेन्सच्या एसीचं ३२५ व्होल्टचं शिखर सतत धरलं तरी ०.११ वॅटच होतात, पण पाव वॅटच्या बऱ्याच रेझिस्टरांची व्होल्टेज मर्यादा २५० असते. तिथे ४७० किलोओहमचे दोन सिरीजमध्ये लावतात, म्हणजे व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. आणि दुरुस्तीत फ्युजिबल रेझिस्टर जळालेला दिसला तर त्याजागी ‘जास्त सुरक्षित’ म्हणून मोठ्या वॅटचा साधा रेझिस्टर टाकू नका. बिघाड झाला की फ्यूजसारखा उडावा म्हणूनच फ्युजिबल रेझिस्टर तिथे बसवलेला असतो.